फेकणार असशील तर मला दे

शेवटी एकदाची लिहायला बसले. दोन महिने होऊन गेले त्या गोष्टीला, सगळे म्हणतायत लिही ना लिही ना, आणि मी आपली टाळतेय, कारण लिहायचं म्हणजे तो भाताचा किस्सा पण लिहावा लागणार आणि तो काही फार अभिमानाने सांगण्यासारखा नाहीये. असो. तर झालं असं की मी तीस दिवस फक्त टाकून दिलेलं किंवा टाकायला काढलेलं अन्न खाऊन राहिले. विकत घेतलेलं ताजं काहीही नाही. घरातलं मीठ, तेल, मसाले आणि चहा पावडर एवढीच सूट घेतली होती, आणि चहाची सूट घेतली नसती तर मी तिसऱ्या दिवशीच सोडून दिलं असतं हे आधीच कबूल करते.

ही आयडिया माझी नाही. रॉब ग्रीनफिल्ड म्हणून एक अमेरिकन आहे, तो २०१३ मध्ये बांबूच्या सायकलवरून आख्खी अमेरिका आडवी पार करून गेला आणि वाटेत त्याचं बरंचसं खाणं म्हणजे दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांमधलं. पुढच्या वर्षी परत निघाला, आणि यावेळी त्याने एक भारी गोष्ट केली, शहराशहरात पेट्यांमधून काढलेलं अन्न बागेतल्या गवतावर मांडायचा, केळी एका ओळीत, ब्रेड एका ओळीत, दह्याचे कप एका ओळीत, आणि त्याचे फोटो काढायचा. ते फोटो बघितले तर पहिल्यांदा वाटतं दुकानाची जाहिरात आहे. मग खालची ओळ वाचली की पोटात कसंतरी होतं. त्याच २०१४ साली बाप्तिस्त द्युबांशे नावाचा एक फ्रेंच मुलगा पॅरिसहून पोलंडमधल्या वॉर्साला सायकलने गेला, तीनेक हजार किलोमीटर, आणि नियम एकच, टाकलेलंच खायचं. आणि कॅनडातलं ते जोडपं, ग्रँट बाल्डविन आणि जेन रुस्टेमायर, दोघं फिल्म करणारे, ते सहा महिने असं राहिले आणि त्यावर डॉक्युमेंटरी काढली. त्यांना वाटलं होतं उपाशी मरू, झालं उलटंच. एकदा तर त्यांना पोहण्याच्या तलावाएवढा कचऱ्याचा कंटेनर सापडला आणि तो आख्खा हमसच्या (काबुली चण्यांची ती चटणी) डब्यांनी भरलेला, आणि तारीख उलटायला अजून कित्येक दिवस बाकी.

हे सगळं मी एका रात्री वाचत बसले होते, दीड वाजला होता, आणि मग पाणी प्यायला उठले आणि फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात पालकाची पिशवी होती. होती म्हणजे, पालक नव्हता, पालकाचं पाणी होतं, गडद हिरवं, पिशवीच्या कोपऱ्यात साचलेलं, आणि पानांचा एक लगदा. मी ती पिशवी दोन बोटांनी उचलली, डस्टबिनमध्ये टाकली, हात धुतले आणि परत येऊन अमेरिकेतली दुकानं किती वाईट आहेत हे वाचायला लागले.

मग मलाच हसू आलं.

कारण आकडा बघा. युनायटेड नेशन्सच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा रिपोर्ट आहे, त्यात २०२२ सालचा हिशेब आहे. जगभरात एका वर्षात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांमधून, २८ टक्के हॉटेलं, कँटीन वगैरे ठिकाणांहून, आणि दुकानांमधून १२ टक्के. बारा! म्हणजे ज्या कचरापेटीत उडी मारल्यावर फोटो छान येतो ती सगळ्यात लहान, आणि सगळ्यात मोठी आपल्या सिंकखाली. माणशी वर्षाला ७९ किलो घरातून जातं, सरासरी. आठवड्याला दीड किलो धरा. यात सालं, बिया, हाडं असलं न खाण्यासारखं पण मोजलेलं असतं हे खरं, पण तरी.

म्हणून मी ठरवलं की सुरुवात घरापासून. पहिला आठवडा फक्त आमच्या घरातलं जे टाकायला निघेल ते, मग पुढे ओळखीपाळखीच्या लोकांचं, मग बाहेरचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू कचरा खाणार."

मी म्हटलं कचरा नाही रे, टाकलेलं अन्न.

"तेच ते."

तेच ते नाहीये, यावर आमचं अर्धा तास वाजलं. आणि त्या भांडणातून मला एक गोष्ट लक्षात आली की आपल्याकडे यासाठी किती वेगवेगळे शब्द आहेत. शिळं म्हणजे कालचं. उष्टं म्हणजे कोणाचं तरी तोंड लागलेलं. उरलेलं म्हणजे नुसतंच जास्त झालेलं, त्यात त्या अन्नाचा काही दोष नाही. नासलेलं दूध, आंबलेलं पीठ, विटलेली भाजी, बुरसटलेला ब्रेड, खवट दाणे, सडलेला बटाटा, प्रत्येकाचं बिघडणं वेगळं आणि प्रत्येकाला स्वतःचा शब्द. खरकटं परत वेगळंच. आज्ज्यापणज्यांनी एवढं बारकाईने बघून ठेवलंय, आणि आपण डस्टबिनचं झाकण उघडतो आणि सगळ्याला एकच नाव देतो. शिळं तर खाता येतं, उरलेलं तर नक्कीच येतं, नासलेल्याचंही कधी कधी काहीतरी करता येतं, सडलेलं मात्र नाही. पण झाकण पडलं की सगळे एका जातीचे. नवरा म्हणाला लेक्चर छान आहे, पण मी तुझ्या ताटातलं काही खाणार नाही. ठीक आहे.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा ओट्यावरच ठेवला होता. आमच्या दोघांचं मिळून साडेतीन किलो निघालं, आणि मी अशी बाई आहे जी लोकांना सांगत फिरायची की आमच्याकडे काहीच वाया जात नाही. कापलेला अर्धा कांदा, असे तीन अर्धे कांदे, कारण प्रत्येक वेळी नवीन कांदा कापायला घेतलाय आणि जुना अर्धा मागे गेलाय. ब्रेडची दोन्ही टोकं, जी कोणीच खात नाही आणि कोणीच टाकतही नाही, ती पिशवीत वाट बघत बसतात बुरशी यायची, म्हणजे मग टाकताना वाईट वाटत नाही. ही माझी सगळ्यात मोठी चोरी पकडली गेली त्या आठवड्यात. आपण चांगलं अन्न टाकत नाही हो, आपण ते आधी फ्रिजमध्ये ठेवतो, ते वाईट होईपर्यंत थांबतो, आणि मग टाकतो. डबा लावून, झाकण घट्ट करून, नीट. फ्रिज म्हणजे माझ्यासाठी टाकायच्या आधीची वेटिंग रूम होती.

दुसऱ्या आठवड्यात स्टेटस टाकला, "फेकणार असशील तर मला दे." सोबत दोन ओळी की असं असं करतेय, थट्टा नाही. पहिले दोन दिवस नुसते हसणारे इमोजी आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दार वाजवून एक डबा देऊन गेल्या, आणि दारातच म्हणाल्या, "अगं चांगलंय हां, खराब नाहीये, फक्त आमच्याकडे कोणी खात नाहीये." हे वाक्य मी पुढच्या तीन आठवड्यात किमान पन्नास वेळा ऐकलं असेल, वेगवेगळ्या तोंडून, तस्संच. फक्त कोणी खात नाहीये.

मग ओळखीच्या ओळखीने एका बेकरीतल्या मुलाशी बोलणं झालं. तो म्हणाला रात्री बंद करताना या. गेले. तर शेल्फ भरलेलं! मी म्हटलं तुमचं तर काहीच संपलेलं नाही, तर तो म्हणाला ताई, शेवटच्या अर्ध्या तासात पण शेल्फ रिकामं दिसून चालत नाही, रिकामं दिसलं की गिऱ्हाईक आत येत नाही, दोनच ब्रेड उरले असतील तर लोकांना वाटतं हे दोन का उरले, काहीतरी गडबड असणार. म्हणजे टाकण्यासाठीच भाजलेला ब्रेड. चुकून उरलेला नाही, हिशेबात धरून उरवलेला. सुपरमार्केटचं पण तेच असतं, भरलेलं दिसणं हा मालाचाच एक भाग, आणि वर एक अंडं फुटलं की आख्खा ट्रे बाद, जाळीतलं एक संत्रं सडलं की जाळी बाद, कारण ते एक काढून बाकीची पुसून परत पॅक करायला जो माणूस लागतो त्याचा वेळ त्या संत्र्यांपेक्षा महाग.

त्या रात्री मी अकरा ब्रेड घेऊन घरी आले. अकरा. दोन दिवसांनी कोणीतरी एक खोकं भरून केळी दिली, काळे ठिपके पडलेली, म्हणजे अजून दीड दिवस. आणि इथे तो मुद्दा आला जो मला ते सगळे सायकलवाले वाचून कळला नव्हता. टाकलेलं अन्न जेवणासारखं येत नाही. ढिगासारखं येतं. आज फक्त ब्रेड, परवा फक्त केळी, मग चार दिवस काही नाही, मग एकदम सहा किलो टोमॅटो, तेही आजच्या आज काहीतरी करा म्हणणारे. आणि ढिगाचं जेवण करायला काय लागतं? वेळ लागतो. बसून निवडा, चांगलं वाईट वेगळं करा, धुवा, पुसा, सडका भाग कापून काढा, उरलेलं चिरा, शिजवा, डबे शोधा, झाकणं शोधा (झाकणं कधीच सापडत नाहीत), फ्रीझरमध्ये जागा करा. त्या टोमॅटोंना मला रात्री साडेनऊपासून पावणेएक वाजेपर्यंत वेळ लागला. सहा किलोतले साडेचार वाचले. हाताला वास दोन दिवस होता. आणि मोठं पातेलं घासताना डोक्यात आलं की च्यायला, हे फुकट नाहीये. कोणालातरी हे सव्वातीन तास द्यायचे नव्हते म्हणून तर हे टोमॅटो माझ्याकडे आले. टाकायला चार सेकंद लागतात. टाकणं ही स्वयंपाकघरातली सगळ्यात कमी कष्टाची रेसिपी आहे.

याच्यानंतर मला ट्रिस्ट्रम स्टुअर्टचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटायला लागलं. हा ब्रिटिश माणूस, शाळकरी वयात डुकरं पाळायचा आणि त्यांना खायला घालण्यासाठी शाळेच्या किचनमधलं वगैरे टाकलेलं गोळा करायचा, आणि ते गोळा करताना त्याला दिसलं की यातलं बरंचसं तर मीच खाऊ शकतो. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्याने लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पाच हजार लोकांना फुकट जेवायला घातलं, सगळं वाया जाणाऱ्या अन्नातून. मी आधी हे वाचलं तेव्हा वाटलं होतं वा, पाच हजार लोक. आता वाटतं, ते सगळं चिरलं कोणी? आणि बर्लिनमध्ये २०१२ साली काही तरुण पोरांनी याचंच उत्तर काढलं, म्हणजे बाजारात न विकली गेलेली वेडीवाकडी भाजी आणायची, मोठ्याने गाणी लावायची आणि नाचत नाचत सगळ्यांनी मिळून चिरायची आणि सूप करायचं. डिस्को सूप. पुढे ते बऱ्याच देशांत पसरलं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण ज्याने एकट्याने सहा किलो टोमॅटो निवडलेत त्याला कळेल गाणी का लागतात.

वेडीवाकडी भाजी म्हटलं तर, युरोपियन युनियनमध्ये काकडी किती वाकडी चालेल याचा चक्क नियम होता, आणि २००९ मध्ये असे २६ फळा-भाज्यांचे नियम काढून टाकले. नियम गेला, पण दुकानात काकडी अजून सरळच दिसते. कारण हात आपला सरळ काकडीकडेच जातो ना.

आता तारखा. यात माझा आधी मोठा घोळ होता आणि मला वाटतं बहुतेकांचा असतो. पाकिटावर दोन प्रकारचं लिहिलेलं असतं. "बेस्ट बिफोर" म्हणजे या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग वगैरे एकदम बेस्ट असेल, नंतर थोडं कमी. बिस्कीट मऊ पडेल, विष नाही होणार. "यूज बाय" मात्र सुरक्षिततेसाठी असतं, मांस, मासे, काही दुधाचे पदार्थ, अशा लवकर बिघडणाऱ्या मालावर, आणि तिथे शहाणपणा करायचा नाही. आपण दोन्हीला "एक्स्पायरी" म्हणतो आणि दोन्ही टाकतो. किंवा माझ्यासारखी उत्साही असेल तर दोन्ही खाते. अमेरिकेत तर लहान बाळांच्या दुधाची पावडर सोडली तर या तारखांसाठी देशभराचा असा कायदाच नाही, बाकी कंपनी ठरवेल ती तारीख.

आणि आता तो भाताचा किस्सा.

सतरावा दिवस. ऑफिसमध्ये मीटिंगसाठी जेवण मागवलेलं, दुपारी एकला आलं, लोक जेवले, ट्रे टेबलवर तसेच उघडे, मी संध्याकाळी सहाला निघताना बघितलं तर अर्धा ट्रे भात. हाऊसकीपिंगवाले टाकायलाच आले होते. मी म्हटलं थांबा थांबा. डबा भरला. वास घेतला, मस्त. चव घेतली, मस्त. घरी जाऊन कडकडीत गरम केला, वाफा येईपर्यंत, कारण माझा समज असा की गरम केलं की सगळं मरतं. साडेआठला जेवले. साडेदहाला मी बाथरूमच्या फरशीवर होते, आणि पहाटेपर्यंत तिथेच होते. डिटेल देत नाही. नवरा दाराबाहेर बसून होता, एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही, आणि ते जास्त लागलं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग मी पण वाचलं. भातात बॅसिलस सिरियस नावाचा बॅक्टेरिया असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. भात झाला, तसाच बाहेर राहिला की कोमट वातावरणात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. जंतू मेले तरी विष तिथेच. म्हणून नियम असा की शिजवलेलं अन्न ५ ते ६० डिग्रीच्या मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. माझा भात पाच तास होता. सगळ्यात हादरवणारी गोष्ट म्हणजे नाक इथे कामाचं नाही. ज्यांच्यामुळे वास येतो, चिकट होतं, ते जंतू वेगळे, आणि ज्यांच्यामुळे माणूस आडवा होतो ते बऱ्याचदा वेगळे, त्यांना वासच नसतो. म्हणजे मी पंधरा दिवस "वास घेऊन बघ, कळतं" असं सगळ्यांना शिकवत होते ते अर्धवटच होतं. काकडी, ब्रेड, सफरचंद यांना नाक डोळे चालतात. शिजवलेल्याला घड्याळ लागतं. मऊ गोष्टीवर बुरशी दिसली की ती आतपर्यंत गेलेली असते, वरचं खरवडून भागत नाही. फुगलेला कॅन कधीच नाही, उघडायचाही नाही. एवढं मी शिकले, महागात शिकले, आणि दोन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर काढले. (ते माझ्या नियमात बसतं का यावर मैत्रिणीने वाद घातला. साखर सूट यादीत नव्हती.)

तेविसाव्या दिवशी ते केलं जे सगळे करतात. रात्री एका सुपरमार्केटच्या मागे गेलो, मी आणि तीच वाद घालणारी मैत्रीण. मला वाटलं होतं भयंकर घाण वास असेल. नव्हता. ओल्या पुठ्ठ्याचा वास होता आणि त्यात थोडं आंबट दूध. झाकण जड होतं, तिने धरलं, मी टॉर्च मारला. संत्र्यांची जाळी, तीच ती, एक हिरवट पांढरं आणि बाकी सात चकचकीत. पास्त्याचं पाकीट कोपऱ्यात फाटलेलं. दह्याचे कप, तारीख आजची, पण ते किती वेळ बाहेर होते कोणाला माहीत, हात मागे घेतला, भात आठवला.

तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ आले, हातात दोन पिशव्या, एकात एक घातलेल्या. ते आम्हाला बघून थांबले, आम्ही त्यांना बघून. मग ते म्हणाले, "ताई, वरचं घ्या. तळातलं नको, तळात पाणी साचतं." आणि बाजूला उभे राहिले. आमचं होईपर्यंत. आमची बारी आधी म्हणून!

मला इतकं विचित्र वाटलं ना. मी संत्र्यांची जाळी परत ठेवली आणि म्हटलं काका तुम्ही घ्या, आमचं झालं. त्यांनी दोन मिनिटांत काम केलं, मला जे निवडायला वीस मिनिटं लागली असती, कुठे काय असतं ते हाताला माहीत होतं, पास्ता उचलला, संत्र्याची जाळी सोडवली, सडकं बाजूला टाकलं, झाकण आवाज न करता लावलं, गेले. त्यांचा तिसावा दिवस नाहीये कुठला. मैत्रीण परत येताना गप्प होती आणि मग म्हणाली, "तू हे लिहिशील ना, तर त्यांना उदाहरण नको बनवूस." तर नाही बनवत, एवढंच सांगते की मी परत पेटीकडे गेले नाही. माझ्याकडे शेजारच्या काकूंचे डबे होते, मला काय गरज.

आणि घेणं गुन्हा आहे की नाही हेही देशोदेशी वेगळं आहे. जर्मनीत म्युनिकजवळ २०१९ मध्ये दोन विद्यार्थिनींना सुपरमार्केटच्या कचऱ्यातून खाणं घेतलं म्हणून चोरीसाठी दोषी ठरवलं, आणि २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टानेही ते बदललं नाही. म्हणजे टाकलेलं असलं तरी मालकीचं. उलट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये पोलिसांच्या एका केसमध्ये म्हटलं होतं की रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्यावर खाजगीपणाचा हक्क सांगता येत नाही. फ्रान्सने तिसराच रस्ता घेतला. तिथे काही दुकानं टाकलेल्या मालावर ब्लीच ओतायची, कोणी घेऊ नये म्हणून, तर २०१६ च्या कायद्याने खाण्याजोगं अन्न असं मुद्दाम खराब करायला बंदी घातली आणि ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना सेवाभावी संस्थांशी करार करायला लावला. चांगलंच आहे. पण परत तेच, संस्थेच्या दारात येतो तो ढीगच. निवडायला माणसं त्यांनीच आणायची.

लोक मला म्हणतात तुझ्या अशा खाण्याने भुकेल्या माणसाला काय मिळालं. काही नाही मिळालं, खरंय. युनायटेड नेशन्सच्या त्याच रिपोर्टमध्ये ७८ कोटींहून जास्त लोक उपाशी आहेत असं लिहिलंय, आणि माझ्या काळ्या केळ्याचा केक त्यातल्या एकाच्याही ताटात गेला नाही. फार तर ती केळी कचरा डेपोत दबून हवेविना कुजली असती आणि त्यातून पृथ्वी तापवणारा मिथेन वायू झाला असता, तो झाला नाही. बस.

पण खरी गडबड चौथ्या आठवड्यात कळली. स्टेटस चांगलाच फिरला होता. रोज चार-पाच मेसेज. आणि मेसेजची भाषा बदलत गेली. आधी होतं, "अगं हे उरलंय, घेशील का?" मग झालं, "तुझ्यासाठी ठेवलंय." मग एका मैत्रिणीचा, "जास्तच आणलं गेलं यार, पण म्हटलं तू आहेस ना." तू आहेस ना! म्हणजे मी कमी करायला निघाले होते आणि लोकांसाठी मी सोय झाले. त्यांचा अपराधीपणा डब्यात भरून माझ्या दारात, आणि ते मोकळे, हलके, परत दुकानात. एक जण तर डबा परत न्यायलाही येईना. माझ्या ओट्यावर लोकांचे नऊ डबे जमले होते. नवरा म्हणाला, "तू कचरा खात नाहीयेस. तू कचराकुंडी झालीयेस." यावेळी मी वाद घातला नाही.

तिसाव्या दिवशी काही खास केलं नाही. ब्रेडची टोकं भाजून खाल्ली, जी आता आमच्याकडे खरंच संपतात, कारण पिशवी उघडली की पहिलं टोक खायचं असा नियम केलाय. अर्धा कांदा आता पारदर्शक डब्यात समोरच्या कप्प्यात असतो. पालक आणतच नाही, म्हणजे आणला तर त्याच दिवशी. वजनकाटा अजून ओट्यावर आहे, मागच्या आठवड्यात दोघांचं एक किलो शंभर ग्रॅम, बहुतेक सालंच. दूध घेताना हात अजून मागच्या पिशवीकडेच जातो, पुढच्या तारखेच्या, ते काही सुटलेलं नाही. कधी समोरची घेते, कधी नाही.

काल रात्री परत त्या "तू आहेस ना"वाल्या मैत्रिणीचाच मेसेज आला, फोटोसकट. अर्धा कोबी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, कडेने जरासा तपकिरी. "फेकू का घेतेस?"

मी लिहिलं, "कड काप. उद्या तूच खा."

दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मग आलं, "चिरायचा कंटाळा आलाय गं."

मी म्हटलं फोन लाव, गाणी मी लावते.